आयलन डोनन : किल्ला पुन्हा बांधताना



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, ते गुरुजी इतिहास शिकवायचे. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे की गडावर पोचलं की ते मुलांना आधी पाणी प्यायला लावत आणि मग एकच प्रश्न विचारत : समोर दिसतंय त्यातलं कुठलं बांधकाम कधीचं? आजच्या व्याख्यानासाठी मी तोच प्रश्न घेऊन एका परक्या किल्ल्यावर जाणार आहे.

किल्ला स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर आहे. त्याचं नाव आयलन डोनन. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी चित्र तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. १९९८ साली आलेल्या 'कुछ कुछ होता है'च्या शीर्षकगीतात हा किल्ला दिसतो. 'हायलँडर'मध्ये आहे, बाँडपटात आहे, कॅलेंडरांवर आहे, बिस्किटांच्या डब्यांवर आहे. स्कॉटलंड म्हटलं की जे एक चित्र जगाच्या डोळ्यांपुढे येतं, ते बऱ्याचदा याच किल्ल्याचं असतं. करड्या दगडाची उंच चौकोनी इमारत, तिच्या कडेला तट, तीन कमानींचा पूल, खाली खारं पाणी आणि मागे डोंगर.

आता गुरुजींचा प्रश्न. हे बांधकाम कधीचं? तिथे जाणाऱ्या अनेकांना वाटतं, सहाशे-सातशे वर्षांचं असणार. खरं उत्तर असं की तुम्ही ज्यावरून चालत जाता तो पूल आणि ज्याच्या छताखाली उभे राहता ती इमारत १९३२ साली पुरी झाली. त्याआधी जवळपास दोनशे वर्षं त्या बेटावर पडक्या भिंतींखेरीज काही नव्हतं.

मला वाटतं, ही गोष्ट समजल्यावर किल्ल्याची किंमत कमी होत नाही. पण ती समजली पाहिजे, आणि तिथे गेलेल्या माणसाला ती आपणहून सांगितली गेली पाहिजे. आज मला मुख्यतः याबद्दल बोलायचं आहे.

आधी जागा समजून घेऊ. तीन खाड्या जिथे एकमेकींना मिळतात, लॉख डुइख, लॉख लाँग आणि लॉख आल्श, तिथे हे बेट आहे. भरतीला चहूकडे पाणी आणि ओहोटीला एका बाजूला शेवाळलेल्या दगडांची वाट, अशी त्याची ठेवण. समोर डॉर्नी हे छोटं गाव. पश्चिमेला थोडं पुढे गेलं की स्काय बेट लागतं. जुन्या काळी या भागात रस्ते जवळजवळ नव्हतेच; सगळा व्यवहार पाण्यावरून. खाडीच्या तोंडाशी बसलेल्या माणसाला न दिसता आत कुणाला शिरता येणार नाही, हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

बेटाला नाव मिळालं ते डोनन नावाच्या ख्रिस्ती संतावरून. तो सहाव्या-सातव्या शतकातला. एग नावाच्या बेटावर ६१७ साली सोबत्यांसकट तो मारला गेला. किल्ला त्यानंतर सहाशे वर्षांनी आला. स्कॉटलंडचा राजा दुसरा अलेक्झांडर याच्या कारकिर्दीत, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, इथे पहिला तट उभा राहिला असं मानतात. कारण उघड आहे. पश्चिमेकडची बेटं तेव्हा नॉर्वेच्या राजाकडे होती आणि त्यांची गलबतं या किनाऱ्यावर येत. १२६३ साली लार्ग्जची लढाई झाली आणि १२६६च्या पर्थच्या तहाने ती बेटं स्कॉटलंडकडे आली. तोवर आयलन डोनन म्हणजे सरहद्दीवरचा पहारा होता.

तो पहिला किल्ला आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. जवळजवळ अख्ख्या बेटाला वेढणारा तट आणि त्यावर सात बुरुज. पुढे चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो आकसत गेला आणि मूळच्या सुमारे पाचव्या हिश्श्यावर आला. एवढा लांब तट राखायला माणसं लागतात, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. सोळाव्या शतकात तोफा-बंदुकांचा जमाना आल्यावर पूर्वेच्या अंगाला पुन्हा थोडं बांधकाम वाढवलं. म्हणजे 'मूळ किल्ला' असा एक कुठला नव्हताच. मोठा, लहान, मग पुन्हा थोडा मोठा असे तीन-चार किल्ले एकाच बेटावर एकामागून एक होऊन गेले. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जेव्हा कुणी म्हणेल की आम्ही तो 'पूर्वीसारखा' बांधला, तेव्हा आपल्याला विचारावं लागेल : कुठल्या पूर्वीसारखा?

कथा भरपूर आहेत. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस पराभवानंतरच्या पळापळीत १३०६-०७च्या हिवाळ्यात इथे आसऱ्याला होता असं सांगतात. १३३१ साली राज्याचा पालक असलेल्या रँडॉल्फच्या अधिकाऱ्याने पन्नास गुन्हेगारांची मुंडकी तटावर टांगली, असंही सांगतात. मी या दोन्हींवर फार रेंगाळत नाही. मला स्वतःला १५३९ची गोष्ट जास्त जवळची वाटते. स्काय बेटावरचा डोनाल्ड गॉर्म मॅकडोनाल्ड मोठा जमाव घेऊन होड्यांतून चालून आला. किल्ल्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. किल्लेदार जॉन मॅथेसन मारला गेला. डंकन मॅक्रे नावाच्या तरुणाकडे शेवटचा बाण उरला होता. त्याने तो सोडला आणि तो डोनाल्डच्या पायात घुसला. डोनाल्डने रागाच्या भरात तो उपटून काढला. बाणाला उलटे काटे होते, रक्तवाहिनी फाटली आणि रक्त काही थांबेना. सरदार गेला, होड्या परत फिरल्या.

हे मॅक्रे कोण? जमीन आणि किल्ला मॅकेंझी घराण्याचे. मॅक्रे हे त्यांचे पिढीजात विश्वासू लढवय्ये. सोळाव्या शतकापासून किल्लेदारी बहुतेक त्यांच्याकडे राहिली. लोक त्यांना मॅकेंझींचं चिलखत म्हणत. १७१५च्या बंडाच्या वेळी शेरिफम्यूरच्या लढाईला निघण्यापूर्वी त्यांच्यातले जॉन नावाचेच चार जण किल्ल्याच्या छतावर नाचले आणि चौघेही त्या रणात पडले, अशी आठवण या खोऱ्यात, किंटेलमध्ये, आजही सांगतात.

आता १७१९. या वर्षाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण किल्ला पडला तो याच वर्षी आणि त्या दिवसांची नोंद चांगली आहे.

गादीवरून दूर झालेल्या स्ट्युअर्ट घराण्याला ब्रिटनचं सिंहासन परत मिळवून द्यावं म्हणून लढणारे ते जेकोबाइट. १७१५चं बंडही त्यांचंच. १७१९ साली त्यांच्या पाठीशी स्पेन उभा राहिला. स्पेनचा मंत्री कार्डिनल आल्बेरोनी याचा बेत दुहेरी होता. काडिझहून सुमारे पाच हजार सैनिकांचं मोठं आरमार इंग्लंडवर जायचं आणि दोन लहान जहाजांतून सुमारे तीनशे स्पॅनिश सैनिकांनी स्कॉटलंडला उतरून तिथे बंडाळी माजवायची. मोठं आरमार वादळात सापडून विखुरलं. दोन लहान जहाजं मात्र पोचली. मोठी मदत येतच नाहीये, हे तोवर त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दारूगोळा आयलन डोननमध्ये ठेवला, पंचेचाळीसच्या आसपास स्पॅनिश शिपाई पहाऱ्याला बसवले आणि बाकीचे आत डोंगरांत गेले.

१० मे रोजी ब्रिटिश आरमाराच्या तीन युद्धनौका, वूस्टर, एंटरप्राइझ आणि फ्लँबरो, खाडीत शिरल्या. आधी पांढरं निशाण लावून होडी पाठवली. किल्ल्यातून तिच्यावर गोळी झाडली गेली. मग तोफा सुरू झाल्या. किल्ल्याच्या भिंती काही ठिकाणी चौदा फूट जाड. त्या तोफांना दाद देईनात. पण आतली माणसं थोडी, आणि संध्याकाळी तोफांच्या आडोशाने होड्यांतून उतरलेल्या शिपायांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. जहाजाच्या नोंदवहीत काय सापडलं ते मांडून ठेवलं आहे : एक आयरिश माणूस, एक कप्तान, एक स्पॅनिश लेफ्टनंट, एक सार्जंट, एक स्कॉटिश बंडखोर, ३९ स्पॅनिश शिपाई, ३४३ पिंपं तोफेची दारू आणि ५२ पिंपं बंदुकीच्या गोळ्या. पुढे नौदलाने त्याच साठ्यातली २७ पिंपं वापरून किल्ला उडवला. बाहेरून न फुटलेल्या भिंती आतून फुटल्या.

बरोबर महिन्याने, १० जूनला, जवळच्याच ग्लेनशीलच्या खिंडीत लढाई झाली. सरकारी बाजूच्या जनरल वाइटमनच्या सैन्याकडे हातांनी वाहून नेता येणाऱ्या लहान उखळी तोफा होत्या आणि डोंगरउतारावर दबा धरलेल्यांना त्यांनीच हलवलं. स्कॉट पांगले. स्पॅनिशांना पळायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी शस्त्रं ठेवली. ते ज्या कड्याकडे मागे हटले त्याला गेलिक भाषेत अजून स्पॅनिशांचं शिखर म्हणतात. काडिझच्या उन्हातून आलेली ही पोरं कुणाच्या गादीसाठी त्या धुक्यात लढली, याचा विचार मनातून जात नाही.

जाता जाता एक तारीख सांगतो. जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे आयलन डोननवर तोफा चालल्या तो १० मे १७१९. रायगड इंग्रजांच्या हाती गेला तो १० मे १८१८. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण तोफांच्या माऱ्यानंतर काय काय जळालं आणि काय उरलं, ही चौकशी दोन्ही ठिकाणी करावी लागते.

या खोऱ्याचा आणि आपल्या मातीचा खरा संबंध मात्र आहे आणि तो सांगायलाच हवा. १७७८ साली मॅकेंझींचा प्रमुख, सीफोर्थचा अर्ल, याने सरकारसाठी एक पलटण उभारली. तिच्यात मॅक्रे इतके होते की पुढे जे घडलं ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. एडिंबरोजवळच्या लीथ बंदरात पलटण जहाजावर चढवायची वेळ आली, तेव्हा पगार थकलेले होते आणि कुजबूज पसरली होती की आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकलंय. शिपाई बिथरले. शहराशेजारच्या आर्थर्स सीट या टेकडीवर त्यांनी ठाण मांडलं आणि काही दिवस तिथून हलले नाहीत. शहरातल्या लोकांनी त्यांना अन्न पुरवलं. शेवटी वाटाघाटी झाल्या, माफी मिळाली, पलटण इंग्लिश खाडीतल्या बेटांवर गेली. पण १७८१ साली तिला हिंदुस्थानकडे निघावंच लागलं. प्रवासात अर्ल वारला, स्कर्व्हीने शेकडो शिपाई गेले आणि उरलेले १७८२ साली मद्रासला उतरले. ज्याची भीती वाटत होती तेच झालं.

याच मॅकेंझी घराण्याने १७९३ साली पुन्हा एक पलटण उभारली, ७८वी. ती २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानात शिंदे आणि भोसले यांच्या फौजेसमोर उभी होती. त्या लढाईची खूण म्हणून तिच्या निशाणावर हत्ती आणि असईचं नाव आलं. असईत मेलेल्या मराठी शिपायांची गावं आपण शोधतो. त्यांच्यासमोर मेलेल्या माणसांची गावं ही, रॉस आणि किंटेलच्या खोऱ्यांतली. ज्यांचा किल्ला राजाच्या आरमाराने उडवला, त्यांचे नातू-पणतू त्याच राजघराण्याच्या निशाणाखाली आपल्याकडे लढायला आले. ही गोष्ट मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा ती अस्वस्थ करते.

आपण पडक्या किल्ल्याकडे परत येऊ. सीफोर्थची जमीन सरकारने १७१५च्या बंडानंतरच जप्त केली होती. १७१९च्या पाडावानंतर त्या वेळचा अर्ल परदेशात पळाला. पण त्याच्या कुळांनी खंड सरकारला भरलाच नाही. डोनाल्ड मर्चिसन नावाच्या माणसाने कित्येक वर्षं तो गोळा करून धन्याकडे परदेशी पोचवला आणि वसुलीला आलेल्या सरकारी तुकड्या दोनदा परतवल्या. किल्ला नसला तरी निष्ठा होती. ती संपली नंतर, जेव्हा धन्यांनाच माणसांपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या आणि खोरी ओस पडली. मॅक्रे कॅनडात गेले, अमेरिकेत गेले, ऑस्ट्रेलियात गेले. बेटावर भिंतींचे सुळके उरले. चित्रकार येऊन ते काढत, पुढे छायाचित्रकार येऊ लागले.

१९११ साली जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने बेट विकत घेतलं. का घेतलं, हे समजायला दोन वर्षं मागे जावं लागतं. १९०९ साली मॅक्रे कुळीतल्या सर कॉलिन मॅक्रे यांनी आपल्याला कुळीचा प्रमुख मानावं म्हणून कुळींच्या मानचिन्हांचं काम पाहणाऱ्या स्कॉटलंडच्या लायन न्यायालयात अर्ज केला. याच जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅपने त्याला हरकत घेतली. अर्ज फेटाळला गेला. मॅक्रे कुळीला प्रमुख मिळाला नाही. तेव्हा ज्या कुळीला प्रमुख नाही आणि जी जगभर विखुरलेली आहे, तिला एक घर देण्याचा हा उद्योग होता. पैसा आला तो पत्नीच्या माहेरकडून, इंग्लंडमधल्या नेवार्कच्या गिलस्ट्रॅपांच्या माल्टच्या व्यापारातून. नावातलं गिलस्ट्रॅप तिथलंच. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. किल्ला मॅकेंझींचा होता, मॅक्रे त्यांचे किल्लेदार. पुन्हा बांधला गेला तो मात्र मॅक्रेंचा म्हणून. मला यात काही गैर दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तो राखला त्यांनीच तो उभारला. पण हा इतिहासातला बदल आहे, आणि बदल म्हणूनच तो सांगितला पाहिजे.

वास्तुरचनाकार एडिंबरोचे जॉर्ज मॅकी वॉटसन. जागेवरची सगळी देखरेख फार्कर मॅक्रे या स्थानिक माणसाची. फार्करला स्वप्नात किल्ला जसाच्या तसा दिसला आणि त्याबरहुकूम तो बांधला, अशी गोष्ट तिथे प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पुढे एडिंबरोत जुने नकाशे सापडले आणि स्वप्न खरं ठरलं, असा तिचा शेवट आहे.

इथे मला थांबून स्पष्ट बोललं पाहिजे. जुना आराखडा खरोखर आहे. १७१४ साली, म्हणजे किल्ला उडवला जाण्याच्या पाचच वर्षं आधी, लुइस पेटिट या लष्करी अभियंत्याने आयलन डोननचं मोजमाप करून रेखाटन केलं होतं. पण ते पुढे आलं ते पुनर्बांधणी बरीच झाल्यावर. आणि ते आजच्या इमारतीशेजारी ठेवून पाहिलं तर दोन्ही अनेक ठिकाणी जुळत नाहीत. फार्कर मॅक्रे कसबी माणूस होता, आयुष्याची वीस वर्षं त्याने या दगडांना दिली, मध्ये एक महायुद्ध येऊन गेलं तरी काम सोडलं नाही. त्याच्या कामाला स्वप्नाच्या दाखल्याची गरज नाही. पायाच्या रेषा त्याने जमिनीतून शोधल्या आणि त्यांवर भिंती चढवल्या, हे पुरेसं मोठं आहे. पण भिंतींच्या वरचा भाग, खिडक्या, छपरं, सज्जे हे विसाव्या शतकाच्या कल्पनेतून आले आहेत.

आत गेलं की हे जवळून दिसतं. दाराशी वरून खाली सुटणारा जाळीचा दरवाजा आणि वर गेलिक लेख. त्याचा आशय असा की आत मॅक्रे असेपर्यंत फ्रेझराला बाहेर तिष्ठत राहावं लागणार नाही. तो दोन घराण्यांच्या जुन्या मैत्रीचा करार आहे. मग तळमजल्यावर अर्धगोल छताची, जाड भिंतींची खोली. तिथून वर मेजवानीचं दालन : लाकडी तुळयांचं छत, मोठी शेगडी, भिंतींवर शस्त्रं आणि तसबिरी, आणि वरून दालनात डोकावायला एक झरोका, म्हणजे यजमानाला पाहुण्यांचं बोलणं ऐकता यावं. वरच्या झोपायच्या खोल्यांना आसपासच्या खाड्यांची नावं आहेत. हे सगळं सुंदर आहे. पण दालनाच्या भिंतीकडे नीट पाहा. दगड उघडे आहेत, दरजा ठसठशीत भरलेल्या आहेत. मध्ययुगातल्या सरदाराने आपल्या बैठकीच्या खोलीत असे उघडे दगड ठेवले नसते. तो आतून चुन्याचा गिलावा देई, रंग देई, कापडं लावी. उघडा खडबडीत दगड म्हणजे जुनेपणा, ही आवड आपली, गेल्या दीड-दोनशे वर्षांतली. ती आपण जुन्या लोकांच्या घरांना चिकटवतो.

याचा उलटा पुरावा स्टर्लिंगच्या किल्ल्यात मिळतो. तिथलं मोठं दालन स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने सुमारे १५०३ साली पुरं केलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लष्कराने मजले घालून त्याची बराक केली. १९६४ साली लष्कर गेलं आणि पस्तीस वर्षं संथपणे काम करून १९९९च्या नोव्हेंबरात ते पूर्ववत उघडलं. अभ्यासकांना झाकून गेलेल्या एका कोपऱ्यात मूळ चुन्याच्या रंगाचा अंश मिळाला होता. त्याप्रमाणे अख्ख्या इमारतीला पिवळसर सोनेरी चुना दिला. तर गावातल्या बऱ्याच लोकांना तो आवडला नाही. राखाडी दगडाची सवय झालेल्या डोळ्यांना खरा रंग खोटा वाटला. एका ठिकाणी कल्पनेतून बांधलेलं लोकांना अस्सल वाटतं आणि दुसरीकडे पुराव्यावर उभं केलेलं नकली वाटतं. म्हणून जुनं काय होतं हे ठरवायला लोकांची आवड हा निकष पुरत नाही. पुरावा लागतो आणि तो समजावून सांगणारी माणसं लागतात.

पडकं पुन्हा बांधावं का, हा वाद जुना आहे. इंग्रज कलासमीक्षक रस्किनने १८४९ साली लिहिलं की जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा सगळ्यात वाईट नाश. इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ साली संस्थाच काढली, जुन्या इमारती फक्त सांभाळाव्या, नव्याने 'जुन्या' करू नयेत म्हणून. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४च्या व्हेनिसच्या जाहीरनाम्याने सांगितलं की जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. या कसोटीवर आयलन डोनन नापास होतो. आणि तरी मी तो पाडा असं म्हणणार नाही. कारण नव्वद वर्षांनंतर तो स्वतःच एक ऐतिहासिक वास्तू झाला आहे : विखुरलेल्या कुळीने महायुद्धाच्या आगेमागे स्वतःसाठी बांधलेलं घर म्हणून. तिथे पहिल्या महायुद्धात गेलेल्या मॅक्रेंचं स्मारक आहे आणि त्यावर कॅनडातल्या जॉन मॅक्रे या डॉक्टरच्या प्रसिद्ध युद्धकवितेच्या ओळी कोरलेल्या आहेत. हे स्मारक पाहिल्यावर किल्ला कुणासाठी बांधला ते कळतं. स्वयंपाकघरात संचालकांनी एक चांगली गोष्ट केली आहे. तिथे मध्ययुगाचा देखावा मांडलेला नाही. १९३२ सालच्या मेजवानीची तयारी मांडली आहे. पुतळ्यांच्या रूपात आचारी आहेत, भांडी आहेत, मांडलेले पदार्थ आहेत, त्या काळातली फडताळं आहेत. मुलं तिथेच सगळ्यात जास्त वेळ रमतात. अख्ख्या किल्ल्यात मला ती खोली सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण आपण कुठल्या सालात उभे आहोत हे ती पहिल्या नजरेत सांगते.

१९५५ साली किल्ला लोकांसाठी उघडला. १९८३ साली घराण्याने काँक्रा धर्मादाय न्यास स्थापन केला आणि तेव्हापासून देखभाल त्याच्याकडे आहे. तिकिटांच्या पैशातून छपरं आणि दरजा दुरुस्त होतात, डॉर्नीसारख्या लहान गावातल्या माणसांना काम मिळतं. खाऱ्या वाऱ्यात आणि तिथल्या पावसात उभी असलेली इमारत दर काही वर्षांनी हात मागतेच. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात, मुलं-नातवंडं तिकडे असल्यामुळे हल्ली अनेक जण जातात, तर दोन गोष्टी करा. ओहोटीच्या वेळी जा आणि इमारतीत शिरण्याआधी बेटाला फेरी मारा. तेराव्या शतकाच्या मोठ्या तटाच्या खुणा गवतात आणि खडकांत दिसतात. किल्ल्याचं सर्वांत जुनं जे काही उरलं आहे ते तिथे आहे आणि ते पाहायला फारसं कुणी थांबत नाही. आणि वेळ असेल तर ग्लेनशीलला जा. रस्ता खिंडीतूनच जातो.

शेवटी आपल्याकडचं. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून जागतिक वारसा यादीत आले; त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आता पैसा येईल, पाहुणे येतील आणि बांधण्याची घाई होईल. कुणी दरवाजा नव्याने उभारेल, कुणी बुरूज बांधून काढेल. श्रद्धेने करतील, जसं मॅक्रेंनी केलं. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे की पेटिटचं काम आधी करा आणि फार्करचं नंतर. दगड हलवण्यापूर्वी मोजा, काढा, छायाचित्रं घ्या, आणि ते सगळं कुणालाही पाहता येईल अशा जागी ठेवा. नवा दगड बसवला तर त्यावर साल कोरा.

हे काम सरकारी खात्यावर सोपवून मोकळं होता येणार नाही, कारण यादीबाहेरचे किल्ले शेकड्यांनी आहेत. इथे बसलेल्यांत अभियांत्रिकीचे आणि वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आहेत, दर रविवारी गडावर जाणारी मंडळी आहेत, निवृत्त सर्वेक्षक आहेत. आपल्या जिल्ह्यातला एक किल्ला निवडा, रीतसर परवानगी घ्या आणि येत्या हिवाळ्यात त्याचा मोजून आराखडा करा. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाच्या वेळी तो या सभागृहाच्या भिंतीवर लावू. संयोजकांनी त्यासाठी जागा द्यायचं मान्य केलं आहे.